ग्लुटेन-फ्री गार्लिक ब्रेड भाजण्याआधी रक्त तपासा

गेल्या महिन्यात एक ताई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं हिमोग्लोबिन ७.८. दोन वर्षांत तीनदा लोहाच्या गोळ्यांचा कोर्स झालेला. आकडा थोडा चढतो आणि पुन्हा खाली येतो. पोट फुगणं, अधूनमधून जुलाब, वजन वाढत नाही. मी फाईल चाळत होतो तेवढ्यात ताईंनी टेबलावर डबा ठेवला. आत गार्लिक ब्रेडचे चार रोल. "ग्लुटेन-फ्री आहेत डॉक्टर, घरी भाजलेत. चार महिने झाले, हिचा गहू पूर्ण बंद केलाय. जिमच्या सरांनी सांगितलं होतं. आता पोटाला पुष्कळ बरं आहे."

एक रोल मी खाल्ला. खरंच चांगला झाला होता. त्यानंतर मी जे सांगितलं, त्यावर ताई चांगल्याच नाराज झाल्या. मी म्हटलं, "उद्यापासून हिला पुन्हा पोळी सुरू करा."

त्यांची नाराजी मला समजते. एवढ्या कष्टानं घर बदललं, मुलीला बरं वाटतंय, आणि हा डॉक्टर पुन्हा तेच खायला सांगतो! पण असे रुग्ण आता आठवड्याला एखादा तरी येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: तपासणी न करता गहू सोडू नका, आणि तपासणीत आजार निघालाच तर अर्धवट सोडू नका. आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. ज्यांना गरज नाही ते मोबाईलवर आलेला निरोप वाचून गव्हाला विष म्हणतात, आणि ज्यांना खरोखर आजार आहे त्यांच्या घरात "एका घासानं काय होतंय" म्हणत ताटात पुरी वाढली जाते.

ग्लुटेन म्हणजे नक्की काय?

कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली की ती ताणली जाते. पोळी पातळ लाटता येते, तव्यावर फुगते. ज्वारीचं पीठ कितीही गरम पाण्यात मळा, ते तसं ताणलं जात नाही. भाकरी थापावीच लागते आणि कडेला चिरतेच. हा फरक ग्लुटेनचा. गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांना पाणी लागलं की त्यांचं एक लवचीक जाळं तयार होतं. ब्रेडमध्ये यीस्टनं सोडलेला वायू याच जाळ्यात अडकतो आणि पाव हलका होतो. म्हणजे ग्लुटेन हे साधं प्रथिन आहे, विष नाही. बहुतेकांच्या आतड्याला त्याचा काहीही त्रास नसतो.

काही लोकांना मात्र सिलियाक नावाचा आजार असतो. त्यांची प्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करते. आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावरचे बारीक उंचवटे अन्न शोषून घेतात, आणि या आजारात तेच झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. म्हणूनच हा आजार कधी जुलाबाच्या रूपात येतो, तर कधी नुसता न हटणाऱ्या ॲनिमियाच्या रूपात. कधी उंची न वाढणारं मूल, कधी तिशीतच ठिसूळ झालेली हाडं, कधी वारंवार गर्भपात. पोट दुखलंच पाहिजे असं नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध प्रस्थापित केला नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९३० च्या दशकापासूनच ते या मुलांना गहू टाळून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना सिलियाकची मुलं मात्र सुधारली, आणि पुन्हा ब्रेड मिळू लागल्यावर आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध सादर केला. आजही या आजाराला गोळी नाही. उपचार एकच: गहू, जव आणि राय ही धान्यं आयुष्यभर बंद.

आयुष्यभर हा शब्द पुन्हा वाचा. एवढा मोठा निर्णय जिमच्या सरांच्या सांगण्यावरून घ्यायचा?

आधी गहू सोडला तर काय बिघडतं?

तपासणीच बिघडते. सिलियाकची पहिली तपासणी साधी रक्ताची आहे, टीटीजी-आयजीए. तिच्या जोडीला रक्तातलं एकूण आयजीए मोजतात, कारण काहींमध्ये ते मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटं नॉर्मल येतं. टीटीजी वाढलेलं असेल तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासतात. या दोन्ही तपासण्या तुम्ही गहू खात असाल तरच खरं बोलतात. गहू थांबवला की काही महिन्यांत अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. चोर पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखं आहे हे.

म्हणून त्या मुलीला पोळी सुरू करायला सांगितली. दोन्ही वेळच्या जेवणात गहू, किमान सहा आठवडे, मग रक्त. या काळात तिला त्रास होऊ शकतो, हे मी लपवलं नाही. त्रास फार वाढला तर वाट न पाहता कळवायचं, असंही ठरलं. हे घरच्या घरी करायचं नसतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि ज्यांना पुन्हा गहू खाणं अगदीच अशक्य आहे त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या जनुकांची तपासणी गहू बंद असतानाही करता येते. ती दोन्ही नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. पण ती असली म्हणजे आजार आहे असं मात्र नाही. निरोगी लोकांपैकीही साधारण तिसऱ्या हिश्श्यात ती सापडतात. ज्या लॅबचे लोक नुसता हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून 'ग्लुटेन बंद' असं लिहून पाठवतात, त्यांना मी हात जोडतो.

"बरं वाटतंय ना, मग नाव कशाला हवं आजाराला?" असं ताईंनी विचारलं. हवं. सिलियाक निघाला तर हाडांची घनता, थायरॉइड, जीवनसत्त्वं हे सगळं बघावं लागतं. तिच्या भावाची आणि आईवडिलांचीही तपासणी करावी लागते, कारण रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत साधारण दहा ते पंधरा जणांत एकाला हा आजार सापडतो. आणि सिलियाक नसेल, तर या वयात ७.८ हिमोग्लोबिन कशानं? पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, आतड्याचा दुसरा एखादा आजार, हे शोधायचं राहून जाईल. घरात भाजलेला रोल खाऊन पोट हलकं झालं, पण ॲनिमिया तिथेच आहे. मला काळजी त्याची आहे.

आमच्या व्यवसायाचीही चूक सांगतो. सिलियाक हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, अशी आम्हा बऱ्याच डॉक्टरांची समजूत असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतात हा आजार १०० प्रौढांमागे साधारण एकाला, तर दक्षिणेत १०,००० मागे साधारण एकाला आढळला होता, तेव्हा समजूत अगदीच निराधार नाही. पण तीमुळे होतं असं की लोहाच्या गोळ्या दोन-दोन वर्षं लिहिल्या जातात आणि टीटीजी कोणाला आठवत नाही. या मुलीच्या फाईलमध्ये तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. आम्ही वेळेवर एक तपासणी लिहिली असती, तर जिमच्या सरांना बोलायला जागाच उरली नसती.

आणि आता लसणाची गोष्ट

काहींचा सिलियाक तपासून नाही ठरलेला असतो, तरी गहू सोडल्यावर पोट शांत होतं. हे मनाचे खेळ आहेत असं मी म्हणत नाही. पण दोष ग्लुटेनचाच हे कशावरून? गव्हात फ्रुक्टान नावाची एक साखळीदार साखरही असते. आपलं लहान आतडं ती पचवू शकत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. ज्यांचं आतडं हळवं आहे, त्यांना तो सोसत नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या, सिलियाक नसलेल्या ५९ जणांना त्यांनी आळीपाळीनं तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या: एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. कोणती वडी कोणती, हे खाणाऱ्यांना माहीत नव्हतं. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानच्या वडीनं.

आता बघा गंमत. फ्रुक्टान सर्वांत भरपूर असलेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे लसूण! वजनाला वजन धरलं तर लसणात ते गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी जास्त असतं. कांद्यातही असतं. म्हणजे पोट फुगतं म्हणून गहू सोडायचा, महागाची पिठं आणायची, तासभर खपून ग्लुटेन-फ्री रोल करायचे आणि वर दहा पाकळ्या ठेचून लावायच्या. रात्री पोट फुगलं की म्हणायचं, "पिठात कुठेतरी गहू मिसळला असेल." गव्हावर खापर फुटतं आणि लसूण मोकळा सुटतो.

तुमचा सिलियाक नाही असं ठरलं असेल, तर आहारतज्ज्ञाच्या मदतीनं दोन-चार आठवडे फ्रुक्टानचे पदार्थ कमी करून पाहा आणि मग एकेक परत आणा. कदाचित पोळी सोसेल आणि कांदा-लसूण कमी करावा लागेल. लसणाची चव तरीही सोडायला नको. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, स्निग्ध पदार्थात नाही. तुपात किंवा तेलात अख्ख्या सोललेल्या पाकळ्या मंद आचेवर परता, वास सुटला की पाकळ्या काढून टाका. वास तुपात उतरतो, फ्रुक्टान पाकळीबरोबर बाहेर जातं. लोण्यात थोडं पाणी असतं, म्हणून इथे तूप बरं. मात्र हे लसणाचं तूप-तेल बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात लसणावरचे बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष जिवावर बेतू शकतं. लागेल तेवढंच करा, त्याच दिवशी संपवा.

मधुमेहींनो, तुमच्यासाठी एकच वाक्य: तांदळाच्या पिठाचा आणि स्टार्चचा ग्लुटेन-फ्री रोल साखर वाढवायला मैद्याच्या पावापेक्षा मागे नाही.

ज्यांचा आजार ठरला आहे त्यांच्यासाठी

तुमच्यासाठी रोल ही चैन नाही. वाढदिवसाला सगळी मुलं पिझ्झा आणि गार्लिक ब्रेड खात असताना एक मूल घरून आणलेला कुरमुऱ्यांचा डबा उघडतं, ते मूल मी पाहिलं आहे. वर्षभरात ते कधीतरी लपून पाव खातं, आणि मग रिपोर्ट का बिघडला म्हणून घरचे मला विचारतात. त्या मुलासाठी हा रोल म्हणजे औषधाचाच भाग आहे, आणि औषधात भेसळ चालत नाही.

भेसळ कुठून होते? गिरणीतून. दळणाच्या रांगेत आपण विचारतोच ना, "आधी बाजरी होती का? मग माझे गहू जरा थांबवा." म्हणजे आधीचं पीठ जात्यात राहतं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आता हिशेब करा. एक किलो ज्वारीच्या पिठात चमचाभर, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम कणीक मिसळली. त्यात ग्लुटेन पाव ग्रॅमच्या आसपास, २५० मिलिग्रॅम धरू. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे तुमची शुद्ध ज्वारी मर्यादेच्या बारापट. त्या पिठाच्या दिवसाला चार भाकऱ्या खाल्ल्या तर पोटात ५० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं, आणि रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने गेलं तर आतड्याला इजा होऊ शकते, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट असतं, तेव्हा "एका घासानं काय होतंय" याचं उत्तर तुम्हीच द्या.

म्हणून तांदूळ आणि ज्वारी घरीच दळा. घरगुती चक्की असेल तर ती फक्त याच धान्यांना ठेवा. नसेल तर मिक्सर आणि बारीक चाळण वेगळी. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं. लोण्याचा डबा वेगळा, कारण ब्रेडला लावून परत बुडवलेल्या सुरीबरोबर चुरा आत जातो. आणि हिंगाची डबी उलटी करून वाचा! आपल्याकडे मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. मेतकुटात थोडे गहू घालायची पद्धत आहे, थालीपीठाच्या भाजणीतही. सातूच्या पिठात गहू किंवा जव. माल्ट घातलेली दुधातली पावडर म्हणजे जव. उलट उपासाची साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा ही मंडळी मुळातच ग्लुटेन नसलेली. फक्त ती कुठे दळली, एवढं बघायचं.

आता रोल. हे प्रमाण मी घरी बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर पक्कं केलं आहे. पहिल्या वेळी दगड झाले होते, कारण मी कणकेसारखं घट्ट मळलं. इथे ग्लुटेनचं जाळं नाही, त्याची जागा इसबगोल घेतो. बद्धकोष्ठासाठी घरात असतो तोच, साधा, चव न घातलेला.

इसबगोल १८ ग्रॅम घेऊन ३४० मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. जेलीसारखा घट्ट गोळा होईल. दुसऱ्या भांड्यात तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचं ८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ७० ग्रॅम (पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं), इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ एक चहाचा चमचा. त्यात ती जेली, दोन मोठे चमचे तेल आणि एक चहाचा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं चांगलं मळा. पीठ चिकट राहील. राहू द्या, वरून कोरडं पीठ घालू नका. हाताला तेल लावून आठ गोळे करा, तेल लावलेल्या ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, ओल्या फडक्यानं झाका. आपल्या हवेत पाऊण तासात ते दीडपट होतात, थंडीत तास-सव्वा तास लागतो. गव्हाच्या पावासारखं दुसऱ्यांदा मळून पुन्हा फुगवायचं नाही. एकदा बसलं की हे पीठ परत उठत नाही. ओव्हन २०० अंशांवर आधी तापवून २५ ते ३० मिनिटं भाजा. पाच मिनिटं उरली असताना लसणाचं लोणी लावा: मऊ लोणी, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मीठ. सिलियाकच्या रुग्णाला लसणाची अडचण नसते, पाकळ्या हव्या तेवढ्या घाला. काढल्यावर मात्र अर्धा तास फोडू नका, नाहीतर आतून गिचका लागतो आणि तुम्ही म्हणाल डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं.

हे रोल दुसऱ्या दिवशी कडक होतात. म्हणून गार झाले की उरलेले लगेच फ्रीझरमध्ये टाका, वाढदिवसाच्या डब्यासाठी आदल्या रात्री दोन बाहेर काढा. गरम करताना घरच्या टोस्टरमध्ये घालू नका, त्याच्या तळाशी वर्षभराचा पावाचा चुरा असतो. स्वच्छ तव्यावर थोडं पाणी शिंपडून, झाकण ठेवून दोन मिनिटं.